पहाटेची माघार: रिअर अॅडमिरल ट्रुब्रिज आणि 'गोबेन' प्रकरण, ऑगस्ट १९१४

७ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगत चार ब्रिटिश क्रूझर दक्षिणेकडे निघाल्या होत्या. ब्रिटन महायुद्धात उतरून तीन दिवसही झाले नव्हते. आणखी काही तासांत 'गोबेन' ही जर्मन बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका, त्यांच्यासमोरून आडवी जाणार होती. ताफ्याचा प्रमुख रिअर अॅडमिरल अर्नेस्ट ट्रुब्रिज याने लढायचं ठरवलं होतं आणि तसा संदेश चारही नौकांना गेला होता. चारच्या सुमारास त्याने विचार बदलला आणि पाठलाग सोडला. 'गोबेन' निसटली, तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरली आणि तीन महिन्यांच्या आत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला. ट्रुब्रिजवर कोर्ट मार्शल झालं. तिथे तो निर्दोष सुटला, पण समुद्रावरच्या ताफ्याचं नेतृत्व त्याला पुन्हा कधीही मिळालं नाही.

या घटनेकडे बरेचदा एका अधिकाऱ्याने ऐनवेळी कच खाल्ल्याची गोष्ट म्हणून पाहिलं जातं. मला ते पटत नाही. त्या पहाटे ट्रुब्रिजने चूक केली, असं माझंही मत आहे. पण ती चूक घडावी अशी परिस्थिती आठ दिवस आधीपासून तयार होत होती, ती लंडन आणि माल्टा इथे, त्याच्या वरिष्ठांच्या टेबलांवर. शिक्षा मात्र त्याला एकट्याला झाली, आणि त्या शिक्षेची किंमत पुढे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर भलत्याच माणसांनी मोजली.

माणूस कोण होता

ट्रुब्रिजचा जन्म १५ जुलै १८६२ चा, लंडनचा. घराणं दर्यावर्दी. पणजोबा सर थॉमस ट्रुब्रिज हे नेल्सनचे सोबती. १८०७ च्या सुरुवातीला मद्रासहून केप ऑफ गुड होपकडे जाताना त्यांची 'ब्लेनहाइम' ही युद्धनौका हिंदी महासागरातल्या वादळात सगळ्या माणसांसकट नाहीशी झाली. नौदलात हे आडनाव लावणाऱ्याकडून लोकांच्या अपेक्षा काय असतील, ते यावरून कळेल.

अर्नेस्ट १८७५ मध्ये नौदलात दाखल झाला. १८८८ मध्ये पाण्यात पडलेल्या एका खलाशाला वाचवायला त्याने समुद्रात उडी घेतली, त्याबद्दल त्याला रॉयल ह्युमेन सोसायटीचं रौप्यपदक मिळालं. १९०१ मध्ये तो कॅप्टन झाला. व्हिएन्ना, माद्रिद आणि टोकियो इथे त्याने ब्रिटिश वकिलातींत नौदल प्रतिनिधी म्हणून काम केलं आणि १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाची सुरुवात जपानी बाजूने जवळून पाहिली. लांब पल्ल्याच्या आधुनिक तोफा काय करू शकतात, हे डोळ्यांनी पाहिलेले ब्रिटिश अधिकारी तेव्हा मोजकेच होते, त्यांतला तो एक. १९११ मध्ये रिअर अॅडमिरल. १९१२ मध्ये तेव्हाचा नौदलमंत्री चर्चिल याने नौदल मुख्यालयात, म्हणजे अॅडमिरल्टीत, वॉर स्टाफ हा युद्ध-नियोजनाचा नवा विभाग उभा केला, त्याचा पहिला प्रमुख ट्रुब्रिज होता. १९१३ च्या जानेवारीत तो भूमध्य समुद्रातल्या पहिल्या क्रूझर स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. डोक्यावरच्या भरघोस पांढऱ्या केसांमुळे खलाशी त्याला 'सिल्व्हर किंग' म्हणत. माणूस उमदा, देखणा, लोकांना आवडणारा. वर जाण्याच्या वाटेवर त्याच्यापुढे अडथळा असा कोणताच दिसत नव्हता.

दोन शब्दांचा हुकूम

भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश ताफ्याचा सरसेनापती होता अॅडमिरल सर आर्चिबाल्ड बर्कली मिल्न. त्याच्याकडे तीन बॅटलक्रूझर होत्या: 'इन्फ्लेक्सिबल', 'इनडॉमिटेबल' आणि 'इनडिफॅटिगेबल'. ट्रुब्रिजकडे चार जुन्या धाटणीच्या चिलखती क्रूझर होत्या: 'डिफेन्स', 'वॉरियर', 'ब्लॅक प्रिन्स' आणि 'ड्यूक ऑफ एडिंबरा'. याशिवाय चार हलक्या क्रूझर आणि काही विनाशिका. समोर जर्मनांच्या दोनच नौका, 'गोबेन' आणि तिच्यासोबतची हलकी क्रूझर 'ब्रेस्लाउ'. त्यांचा प्रमुख रिअर अॅडमिरल विल्हेल्म सूशॉन.

३० जुलैला अॅडमिरल्टीने मिल्नला तार पाठवली. ती खुद्द चर्चिलने लिहिलेली होती. तिचा मथितार्थ असा: फ्रान्स आफ्रिकेतलं आपलं सैन्य मायदेशी नेणार आहे, त्या वाहतुकीला संरक्षण द्या, तिच्यात अडथळा आणू शकणाऱ्या वेगवान जर्मन नौकांना, विशेषतः 'गोबेन'ला, शक्य झाल्यास गाठून लढा, पण फ्रेंचांच्या साथीने सर्वसाधारण लढाई होत असेल तेवढं वगळता, सध्या वरचढ शक्तीशी भिडू नका.

'वरचढ शक्ती' हे दोन शब्द या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहेत. लिहिताना चर्चिलच्या डोळ्यांसमोर होता ऑस्ट्रियाचा युद्धनौकांचा ताफा. तो इटलीच्या पूर्वेकडच्या एड्रियाटिक समुद्रातून बाहेर पडला तर मिल्नने एकट्याने त्याच्या अंगावर जाऊ नये, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण तारेत ऑस्ट्रियाचं नाव नव्हतं. मिल्नने हा हुकूम ट्रुब्रिजकडे जसाच्या तसा सरकवला.

२ ऑगस्टला माल्टात दोघांची भेट झाली, तेव्हा ट्रुब्रिजने आपली अडचण तोंडावर सांगितली. एक बॅटलक्रूझर ही माझ्या क्रूझर ताफ्यापेक्षा वरचढ शक्ती आहे असं मी धरतो, ती आमच्या तोफांच्या पल्ल्यात आली तर गोष्ट वेगळी, असं तो म्हणाला. मिल्नचं उत्तर होतं की हा प्रश्नच येणार नाही, कारण दोन बॅटलक्रूझर तुझ्यासोबत असतील.

मला ही भेट त्या पहाटेपेक्षाही महत्त्वाची वाटते. हाताखालचा अधिकारी हुकुमाचा आपण लावलेला अर्थ स्पष्ट बोलून दाखवतो आणि वरिष्ठ तो खोडून काढत नाही, मान्यही करत नाही, नुसता बाजूला सारतो. दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, त्या दोन बॅटलक्रूझर ट्रुब्रिजकडून काढून पश्चिमेकडे पाठवल्या गेल्या. उत्तराचा आधारच गेला. तरी 'वरचढ शक्ती'बद्दल नवं काही कोणीच सांगितलं नाही. त्याच दिवशी लंडनहून मिल्नला आणखी एक तार आली: एड्रियाटिकच्या तोंडावरचा पहारा चालू ठेवा, पण तुमचं लक्ष्य 'गोबेन' आहे, ती जाईल तिथे तिच्या मागावर राहा. म्हणजे फ्रेंच वाहतूक सांभाळायची, एड्रियाटिकवर नजर ठेवायची, 'गोबेन' सोडायची नाही आणि वरचढ शक्तीशी भिडायचंही नाही. ही सगळी वाक्यं एकाच वेळी पाळणं शक्य नव्हतं.

सूशॉन निसटतो

४ ऑगस्टला पहाटे 'गोबेन'ने अल्जीरियातल्या फिलिपव्हील बंदरावर आणि 'ब्रेस्लाउ'ने बोन बंदरावर तोफा डागल्या. त्याआधीच सूशॉनला बर्लिनहून कॉन्स्टँटिनोपलकडे, म्हणजे इस्तंबूलकडे, जायचा आदेश मिळाला होता. तो परत फिरला. सकाळी साडेदहाच्या सुमारास 'इनडॉमिटेबल' आणि 'इनडिफॅटिगेबल' त्याला समोरून भेटल्या आणि तोफांच्या सहज टप्प्यातून एकमेकांना ओलांडून गेल्या. ब्रिटनने अजून युद्ध पुकारलेलं नव्हतं, मुदत मध्यरात्री संपत होती. दोन्ही ब्रिटिश नौकांनी वळून दिवसभर पाठलाग केला. 'गोबेन'चे बॉयलर नादुरुस्त होते. तिने वेग टिकवला तो बॉयलरपाशी कोळसा मारणाऱ्या माणसांच्या जिवावर. उकळत्या वाफेने भाजून त्यांतले काहीजण दगावले. संध्याकाळपर्यंत ती दिसेनाशी झाली.

५ ऑगस्टला ती इटलीच्या मेसिना बंदरात कोळसा भरत होती. इटली तटस्थ, त्यामुळे मेसिनाच्या सामुद्रधुनीत ब्रिटिशांना शिरायची मनाई. सामुद्रधुनीला तोंडं दोन, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. मिल्नने आपल्या तिन्ही बॅटलक्रूझर पश्चिमेच्या बाजूला ठेवल्या, कारण सूशॉन पुन्हा फ्रेंच जहाजांवर जाईल असं त्याला वाटत होतं. त्यांतली एक तर बिझर्टाला कोळसा भरायला गेली होती. दक्षिणेच्या तोंडावर होती फक्त 'ग्लॉस्टर' ही हलकी क्रूझर, कॅप्टन हॉवर्ड केली याची. ६ ऑगस्टच्या संध्याकाळी पाच वाजता सूशॉन दक्षिणेकडूनच बाहेर पडला. आधी त्याने एड्रियाटिककडे जात असल्याची हूल दिली आणि रात्री उशिरा तोंड आग्नेयेला वळवलं. 'ग्लॉस्टर' त्याच्या मागे होती आणि बिनतारी संदेशाने मिनिटामिनिटाची खबर देत होती.

तुर्कस्तानकडे जाण्याची शक्यता ना मिल्नच्या ध्यानीमनी होती ना लंडनच्या. त्यांचं सगळं लक्ष पश्चिमेला आणि एड्रियाटिकला.

ती रात्र

ट्रुब्रिज तेव्हा एड्रियाटिकच्या तोंडाशी होता. हूल त्यालाही खरी वाटली आणि तो आधी उत्तरेकडे गेला. 'ग्लॉस्टर'च्या संदेशांवरून 'गोबेन' वळल्याचं नक्की झालं तेव्हा मध्यरात्र उलटत होती. त्याने ताफा दक्षिणेकडे वळवला. हे त्याने कोणी सांगितलं म्हणून केलेलं नाही, स्वतःच्या जबाबदारीवर केलं. सोबतच्या विनाशिकांत कोळसा कमी होता, त्या मागे राहिल्या. माल्टाहून येणारी 'डब्लिन' दोन विनाशिकांसह 'गोबेन'ला रात्रीच गाठायचा प्रयत्न करत होती. तिचा कॅप्टन जॉन केली, 'ग्लॉस्टर'च्या केलीचा भाऊ. चांदणी रात्र असूनही ती चुकामूक झाली.

पावणेतीनच्या सुमारास ट्रुब्रिजचा फ्लॅग कॅप्टन, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नौकेचा कॅप्टन, फॉसेट रे त्याच्याकडे आला. रे हा तोफखान्याचा तज्ज्ञ. आपण लढणार आहोत का, तसं असेल तर ताफ्याला कळायला हवं, असं त्याने विचारलं. ट्रुब्रिज म्हणाला, हो. हे चूक आहे हे मला कळतं, पण भूमध्य ताफ्याच्या नावाला बट्टा लागलेला मला चालणार नाही. मग चारही नौकांना संदेश गेला: सहाच्या सुमारास 'गोबेन'च्या आडवं जाण्याचा प्रयत्न आहे, जमलं तर लढू, तोवर तिला अडवता आलं नाही, तर लांब पल्ल्याची लढाई टाळण्यासाठी झांटे बेटाच्या आडोशाला जाऊ.

हा संदेश नीट वाचला की दिसतं, की लढायचं ठरवतानाही त्याच्या मनात माघारीची वाट उघडी होती.

साडेतीनच्या आसपास रे पुन्हा आला. मला हे बरं वाटत नाही, असं त्याने सांगितलं. मलाही नाही, पण का, असं ट्रुब्रिजने विचारलं. रेचं म्हणणं असं: 'गोबेन' आपल्यापेक्षा वेगवान आहे आणि तिच्या तोफा आपल्यापेक्षा लांब पोचतात. दिवस उजाडल्यावर ती आपल्याभोवती, आपल्या माऱ्याबाहेर राहून फिरेल आणि एकेक नौका टिपेल. ही आत्महत्या ठरेल. ट्रुब्रिजने नेव्हिगेटरला बोलावून विचारलं, उजाडायच्या आत तिला गाठता येईल का? उत्तर नकारार्थी आलं. अंधुक उजेडात जवळून भिडण्यावर त्याचा सगळा बेत उभा होता, तोच कोसळला. त्याने ताफा वळवला. ही तुमच्या आयुष्यातली सर्वांत धैर्याची कृती आहे, असं रे म्हणाला. ट्रुब्रिजच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होतं. हे सगळं पुढे कोर्ट मार्शलमध्ये साक्षीत आलं.

चार वाजून पाच मिनिटांनी त्याने मिल्नला कळवलं, की 'गोबेन'ला तिच्या पल्ल्याच्या आत आणि माझ्या पल्ल्याबाहेरच गाठता येणार असल्याने मी पाठलाग सोडला आहे. हलक्या क्रूझरबद्दल काय आज्ञा, असंही विचारलं. मिल्नने नंतर विचारणा केली: ती फक्त १७ नॉटनी चालली आहे, तू तिला अडवलं का नाहीस? वरातीमागून घोडं म्हणतात तसा हा प्रश्न होता. दहाच्या सुमारास ट्रुब्रिजचा ताफा झांटेला पोचला होता.

'ग्लॉस्टर' मात्र एकटीच मागे लागून राहिली. दुपारी तिने 'ब्रेस्लाउ'वर तोफाही डागल्या, कारण 'गोबेन'ने वळून यावं आणि तिचा वेळ जावा. ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या मातापान भूशिराच्या पुढे जाऊ नये अशी आज्ञा होती, म्हणून तिथे ती थांबली. मिल्न माल्टाहून बॅटलक्रूझर घेऊन निघाला खरा, पण ८ ऑगस्टला लंडनहून ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झाल्याची चुकीची तार आली आणि त्यात आणखी जवळपास एक दिवस वाया गेला. सूशॉनने तेवढ्यात एजियन समुद्रातल्या देनुसा बेटापाशी निवांत कोळसा भरून घेतला. १० ऑगस्टच्या संध्याकाळी तो दार्दानेल्सला पोचला.

तोफांचा हिशेब

ट्रुब्रिजचा अंदाज बरोबर होता का?

'गोबेन'वर २८ सेंटिमीटरच्या १० तोफा होत्या, प्रत्येक गोळा सुमारे ३०० किलोचा. एका बाजूने सगळ्या तोफा डागल्या तर साधारण ३००० किलो. ट्रुब्रिजच्या चार नौकांवर मिळून ९.२ इंची २२ तोफा होत्या. एका बाजूला त्यांतल्या १६ लागू पडत, गोळा सुमारे १७० किलोचा. त्यात 'डिफेन्स' आणि 'वॉरियर'च्या ७.५ इंची तोफा मिळवल्या तर एकूण वजन 'गोबेन'पेक्षा थोडं जास्तच भरतं. कागदावर दोन्ही बाजू तुल्यबळ.

फरक होता पल्ल्यात आणि चिलखतात. 'गोबेन'च्या तोफा सुमारे १८ किलोमीटर पोचत, ब्रिटिशांच्या ९.२ इंची सुमारे १४. 'गोबेन'चं पट्ट्याचं, म्हणजे पाण्याच्या रेषेलगतचं, चिलखत २७० मिलिमीटर जाड, ब्रिटिश क्रूझरचं १५२. म्हणजे मधले चार किलोमीटर 'गोबेन'चे एकटीचे, आणि जवळ पोचल्यावरही ब्रिटिश गोळे तिच्या मर्मावर चालतील याची खात्री नव्हती.

पण रेच्या युक्तिवादात एक मोठं भोक आहे. कमाल पल्ला आणि प्रत्यक्ष नेम लागण्याचा पल्ला यांत १९१४ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. १८ किलोमीटरवरून हलत्या क्रूझरला वारंवार अचूक टिपणं हे तेव्हा कुठल्याच नौदलाने करून दाखवलेलं नव्हतं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला फॉकलंड बेटांजवळ दोन ब्रिटिश बॅटलक्रूझरनी 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ' या दोन जर्मन चिलखती क्रूझर बुडवल्या. वेग, पल्ला, वजन, सगळं ब्रिटिशांच्या बाजूने होतं, तरीही त्यांना काही तास लागले आणि १२ इंची गोळे हजाराहून अधिक खर्ची पडले. 'गोबेन'कडे एवढा साठा नव्हता, समोर दोन नव्हे तर चार नौका असत्या, आणि जवळच्या कुठल्याही मित्र बंदराचा आधार नव्हता. तिला बुडवण्याची गरजही नव्हती. एखादा गोळा बॉयलरच्या भागात किंवा सुकाणूपाशी लागून वेग मंदावला असता, तर मिल्नच्या बॅटलक्रूझर तिला गाठू शकल्या असत्या.

ट्रुब्रिजच्या बाजूने बोलणारे जटलंडचा दाखला देतात. ३१ मे १९१६ च्या त्या लढाईत 'डिफेन्स' स्फोट होऊन सुमारे ९०० माणसांसह बुडाली, 'ब्लॅक प्रिन्स' रात्री साडेआठशेहून अधिक माणसांसह गेली, 'वॉरियर' मोडकळीला येऊन सोडून द्यावी लागली. चारांतली एकटी 'ड्यूक ऑफ एडिंबरा' उरली. दाखला हृदयाला भिडणारा आहे, पण पुरावा म्हणून कच्चा. त्या नौका तिथे अनेक मोठ्या जर्मन युद्धनौकांच्या अगदी जवळ सापडल्या होत्या, एकट्या 'गोबेन'पुढे नव्हे.

माझ्या मते चूक लढण्या-न लढण्याची नव्हतीच. उजाडल्यावर आडवं न जाताही ट्रुब्रिज मागावर राहू शकला असता. 'ग्लॉस्टर' एकटी ते करत होती, 'डब्लिन' जवळच होती. 'गोबेन' उलटली असती तर तिचा वेळ आणि कोळसा गेला असता, आणि तेच तर हवं होतं. शिवाय बारा वाजता दक्षिणेकडे वळताना त्याने मिल्नला सरळ विचारायला हवं होतं की बॅटलक्रूझर कुठे आहेत, आणि त्या येत नसतील तर मी एकट्याने भिडू का. चार तास हातात होते. त्याने विचारलं ते वळल्यावर.

खटला

सप्टेंबरात चौकशी समितीपुढे ट्रुब्रिजची कृती आली. मिल्नचं वर्तन अॅडमिरल्टीने आधीच, ऑगस्टअखेर, मान्य करून टाकलं होतं. चौकशी समितीने ट्रुब्रिजची कृती ब्रिटिश नौदलाच्या परंपरेला सोडून असल्याचा ठपका ठेवला. कोर्ट मार्शल ५ ते ९ नोव्हेंबर १९१४ या काळात पोर्टलंड इथे 'बुलवर्क' या युद्धनौकेवर बंद दाराआड चाललं. आरोप भित्रेपणाचा नव्हता. पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग हलगर्जीपणाने किंवा अन्य कसुरीने सोडून दिला, असा होता.

ट्रुब्रिजतर्फे बचाव एकच, पण भक्कम होता: हुकुमात वरचढ शक्तीशी भिडू नका असं म्हटलं होतं, मी 'गोबेन'ला वरचढ मानतो हे सरसेनापतीला आधीच सांगितलं होतं, आणि त्याने ते नाकारलं नव्हतं. न्यायालयाला हे पटलं. दिवसाउजेडी, मोकळ्या समुद्रात 'गोबेन' ही त्या ताफ्यापेक्षा वरचढ शक्ती होती असं धरायला आधार आहे, असा निष्कर्ष निघाला आणि ट्रुब्रिज पूर्णपणे, सन्मानाने निर्दोष ठरला. कामकाज गुप्त राहिल्यामुळे बाहेरच्या जगाला कारणं कळली नाहीत. कळलं एवढंच, की 'गोबेन' निसटली आणि हा सुटला. त्याने कुजबूज वाढली. ज्या 'बुलवर्क'वर खटला चालला ती २६ नोव्हेंबरला शीअरनेसजवळ अंतर्गत स्फोटाने उडाली आणि सातशेहून अधिक खलाशी मेले.

क्रॅडॉकने काय वाचलं

खटला उभा राहण्याच्या आदल्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, लंडनमध्ये कोरोनेलची बातमी पोचली. १ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्याजवळ रिअर अॅडमिरल क्रिस्टोफर क्रॅडॉक 'गुड होप' आणि 'मॉनमथ' या जुन्या क्रूझर घेऊन 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नायझेनाउ'वर चालून गेला होता. शत्रू सर्व बाबतींत वरचढ होता. दोन्ही नौका बुडाल्या, सोळाशेच्या आसपास माणसं गेली, त्या दोन नौकांवरचा एकही वाचला नाही.

क्रॅडॉक हा ट्रुब्रिजचा मित्र. त्यालाही लंडनहून तसेच दोन अर्थांचे आदेश मिळाले होते: शत्रूला शोधा, पण शक्ती एकवटून राहा. ट्रुब्रिजवर जी वेळ आली ती आपल्यावर येऊ देणार नाही, हे त्याने मरण्यापूर्वी बोलून दाखवलं होतं. न्यायालयाचा निकाल त्याने ऐकला नाही. त्याच्यापर्यंत पोचली होती ती फक्त चौकशीची आणि बदनामीची बातमी. एका अधिकाऱ्याला माघारीबद्दल नाचक्की सोसावी लागली, म्हणून दुसऱ्याने निश्चित पराभव पत्करला, असं मी म्हणतो तेव्हा क्रॅडॉकच्या मनात शिरल्याचा दावा करत नाही. पण त्याच्यासमोर तीन महिन्यांपूर्वीचं जे ताजं उदाहरण होतं ते हेच, आणि ते त्याला कोणत्या दिशेने ढकलणार होतं हे उघड आहे. ट्रुब्रिजचा ताफा भिडला असता तर काय झालं असतं, याचं सर्वांत वाईट उत्तर कोरोनेलने दिलं. ते उत्तर टेबलावर ताजं असताना न्यायाधीश ट्रुब्रिजचं म्हणणं ऐकत होते.

तुर्कस्तान, आणि पुण्याची डिव्हिजन

'गोबेन'मुळेच तुर्कस्तान युद्धात उतरला, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. जर्मनी आणि तुर्कस्तानचा गुप्त करार २ ऑगस्टलाच झाला होता, आणि ब्रिटनमध्ये बांधून होत आलेल्या तुर्कस्तानच्या दोन युद्धनौका चर्चिलने ताब्यात घेतल्यामुळे इस्तंबूलमध्ये आधीच संताप होता. पण तुर्की मंत्रिमंडळात दुमत होतं. त्या दोन जर्मन नौका १६ ऑगस्टला नावापुरत्या तुर्कस्तानने विकत घेतल्या, 'गोबेन'ची 'यावूझ सुलतान सेलीम' झाली, सूशॉन तुर्की आरमाराचा प्रमुख झाला, आणि २९ ऑक्टोबरला त्यानेच रशियाच्या सेवास्तोपोलवर मारा केला. त्यानंतर माघार घेणं तुर्कस्तानला शक्य उरलं नाही.

ब्रिटनने तुर्कस्तानशी युद्ध पुकारलं ते ५ नोव्हेंबरला, म्हणजे ट्रुब्रिजचा खटला सुरू झाला त्याच दिवशी. ६ नोव्हेंबरला इराकच्या फाव इथे हिंदी सैन्याची पहिली तुकडी उतरली. ती सहाव्या पूना डिव्हिजनची ब्रिगेड होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. पुढे १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला ते शहर शरण गेलं आणि उरलेले जवान तुर्कांचे कैदी झाले. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतली माणसं त्या कैदेत गेली. झांटेजवळच्या त्या पहाटेचा धागा इथवर पोचतो, मध्ये इतर अनेक कारणांच्या गाठी असल्या तरी.

पुढची वाटचाल

जानेवारी १९१५ मध्ये ट्रुब्रिजला सर्बियात ब्रिटिश नौदल मोहिमेचा प्रमुख म्हणून पाठवलं. समुद्र नसलेल्या देशात अॅडमिरल, म्हणजे बाजूला काढण्याचाच प्रकार. पण तिथे त्याने जे केलं ते बारकाईने पाहावं असं आहे. बेलग्रेडजवळ डॅन्यूबवर त्याने मोजक्या खलाशांच्या आणि नौदलाच्या तोफांच्या बळावर ऑस्ट्रियाच्या नदीतल्या युद्धनौकांना रोखून धरलं. १९१५ च्या ऑक्टोबरात सर्बिया कोसळल्यावर सर्बियन सैन्याबरोबर अल्बानियाचे डोंगर ओलांडून तो एड्रियाटिक किनाऱ्यावर पोचला आणि सान जोव्हानी दि मेदुआ या लहानशा बंदरातून निर्वासितांना बाहेर काढण्याचं काम त्याने हाती घेतलं. उपाशी, थंडीने गारठलेली माणसं, वर शत्रूची विमानं, बोटी अपुऱ्या. सर्बियाचा राजपुत्र अलेक्झांडर याचा त्याच्यावर शेवटपर्यंत विश्वास राहिला.

१९१८ नंतर डॅन्यूबवरची वाहतूक पुन्हा सुरू करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामाची सूत्रं त्याच्याकडे आली. १९१९ मध्ये 'सर' हा किताब आणि पूर्ण अॅडमिरलची श्रेणी मिळाली, १९२१ मध्ये तो नौदलातून निवृत्त झाला. २८ जानेवारी १९२६ ला फ्रान्समधल्या बियारित्झ इथे त्याचं निधन झालं. मिल्नलाही पुन्हा नेमणूक मिळाली नाही, पण त्याला न्यायालयात उभं राहावं लागलं नाही. फॉसेट रे याला सहकाऱ्यांनी जवळजवळ वाळीत टाकलं. पुढे गॅलिपोलीत त्याने चांगली कामगिरी केली तरी त्या पहाटेचा डाग पुसला गेला नाही. ३० जुलैच्या तारेतल्या त्या दोन शब्दांबद्दल मात्र ते लिहिणाऱ्याला कोणत्याही न्यायालयात जाब द्यावा लागला नाही.